हौसेचा जुना कॅमेरा घ्या, पण नुसत्या शटरच्या आकड्यावर भुलू नका

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की जुन्या व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या जाहिरातींना ऊत येतो. २००५चा कॅनन ५डी, २००७चा निकॉन डी३, २००८चा निकॉन डी७००. नवे असताना लाखाच्या पुढे किंमत असलेले हे कॅमेरे आता पगारदाराच्या आवाक्यात आले आहेत, आणि तेव्हा ते दुकानाच्या काचेतून बघणारी मुले आज कमावती झाली आहेत. ही हौस खरी आहे. ती ‘कामाला येईल’ अशी सबब पुढे करून पुरवायची गरज नाही. फसगत होते ती सबबीमुळेच, कारण मग ग्राहक स्वतःच्या हौसेला शोभेल ते न बघता धंद्याला स्वस्त काय पडेल ते बघू लागतो आणि नको ती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घरी आणतो.

या तिघांत सर्वाधिक मागणी डी७००ला असते, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

आधी आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवावे. फोटो सुधारावेत अशी इच्छा असेल तर हेच पैसे चांगल्या लेन्सवर घालवावेत. हातात भरणारी धातूची बॉडी, काचेच्या प्रिझममधून दिसणारे स्वच्छ दृश्य, आरशाचा तो ठसठशीत आवाज हवा असेल, तर डी७०० घ्यावा आणि तसे मोकळेपणाने म्हणावे. घरात निकॉनच्या १९७७ नंतरच्या जुन्या एआय लेन्स (हाताने फोकस करायच्या) पडून असतील तर त्याच्याइतकी चांगली बॉडी क्वचितच मिळेल. अशा नऊ लेन्सची माहिती मेनूत साठवता येते आणि प्रकाशाचे मोजमापही होते. त्याआधीची, बदल न केलेली लेन्स मात्र बसवू नये. लेन्स बसते त्या माउंटच्या कडेची, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) जोडणारी छोटी खिट्टी त्यात मोडू शकते.

सेन्सर १२.१ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४२५६ बाय २८३२ पिक्सेल. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, हे साधारण १४ बाय साडेनऊ इंच होतात, त्यामुळे ए४ आकाराची छपाई निर्धास्त करावी. लग्नाच्या १२ बाय ३६ इंचांच्या अल्बममध्ये एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला तर इंचाला जेमतेम ११८ पिक्सेल उरतात आणि जवळून पाहणाऱ्याला ते कळते. आधीच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची १८-५५ डीएक्स लेन्स यावर चालेल या भरवशावर तर राहूच नये. ती लावली की बॉडी आपोआप कापून फक्त ५.१ मेगापिक्सेलचा फोटो देते. ५० मिमी एफ/१.८ डी ही स्वस्त लेन्स उत्तम चालते, कारण फोकसची मोटर बॉडीतच आहे. वजन मात्र विसरू नये. रिकामी बॉडी ९९५ ग्रॅमची, त्यावर २४-७० एफ/२.८ लेन्स चढवली की बॅटरीशिवायच १,९०० ग्रॅमच्या जवळ जाते.

विक्रेते एकच आकडा सांगतात, तो शटर किती वेळा उघडले त्याचा. डी७००चे शटर दीड लाखांपर्यंत तपासलेले आहे, डी३चे तीन लाखांपर्यंत. हा आकडा ताज्या जेपीईजी फाइलच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फाइलसोबत आपोआप नोंदवतो ती) मिळतो, पण फाइल कार्डातून थेट घ्यावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलमधून ही माहिती गळून जाते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली तर टिकते. त्याच माहितीत बॉडीचा अनुक्रमांकही असतो. तो बॉडीच्या तळावरच्या आकड्याशी जुळवून पाहावा आणि बिलाशीही. मेन बोर्ड बदललेला असेल तर मोजणी नव्याने सुरू झालेली असू शकते. शिवाय लग्नसराईत पाच वर्षे राबलेल्या, आकडा कमी असलेल्या बॉडीपेक्षा घरात जपलेली, आकडा जास्त असलेली बॉडी बरी.

म्हणून स्वतः तपासावे, आणि दिवसाउजेडी तपासावे. पांढऱ्या भिंतीचा फोटो १/८०००, १/४००० आणि १/१००० या वेगांवर घ्यावा. एका कडेला काळपट पट्टा आला तर शटरचे दोन पडदे एका चालीने धावत नाहीत. ट्यूबलाइटखाली हे करू नये. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि धडधाकट शटरही पट्टे दाखवते. मग एफ/२२ (लेन्सचे छिद्र अगदी लहान), आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २००, फोकस मुद्दाम बिघडवून आकाशाचा एक फोटो घ्यावा आणि संगणकावर पूर्ण आकारात पाहावा. धुळीचे डाग साफसफाईने जातात, पण बारीक सरळ रेघ दिसली तर तो सेन्सरवरच्या काचेचा ओरखडा, आणि तिथेच सौदा सोडावा. लेन्सला झाकण लावून आयएसओ १६००वर ३० सेकंदांचा एक फोटो घ्यावा, त्याआधी मेनूतले लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करावे. ते चालू असेल तर कॅमेरा तापलेले ठिपके, म्हणजे अंधारातही चमकणारे सेन्सरवरचे सदोष बिंदू, स्वतःच पुसून टाकतो.

फोकस तपासायला याच वर्तमानपत्राचे पान पुरेल. ते दोन मीटरवर तिरके ठेवावे, एफ/१.८वर मधल्या बिंदूने मथळ्याच्या एकाच ओळीवर पाच वेळा फोकस करावा. चूक दर वेळी त्याच बाजूला, तेवढीच होत असेल तर मेनूतल्या एएफ फाइन ट्यूनने ती सुधारते. दर वेळी वेगळी होत असेल तर दोष मुख्य आरशामागच्या लहान आरशात किंवा फोकसच्या यंत्रणेत आहे, आणि तो मेनूतून जात नाही.

आता कार्डाची खाच. कॉम्पॅक्ट फ्लॅश या कार्डाची जागा उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. दोन ओळींत ५० बारीक पिना दिसतात. कार्ड तिरके घुसवल्याने त्यातली एखादी वाकलेली असते आणि पुढच्या कार्डाने ती आत आणखी दुमडते. चिमट्याने सरळ केलेली पिन पुन्हा वाकते. बॅटरी ईएन-ईएल३ई, मेनूत तिचे वय ० ते ४ असे दिसते, ४ म्हणजे संपत आलेली. फुगलेली बॅटरी कप्प्यात अडकते, म्हणून ती सहज बाहेर निघते का तेही पाहावे.

अंगठ्याखालचे आणि कार्डाच्या दाराजवळचे रबर ताणून सैल होते. हा या कॅमेऱ्याचा सर्वांत परिचित आजार. तेवढ्यावरून कॅमेरा नाकारू नये, पण ते फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवलेले असेल तर सावध व्हावे. त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढुरके सावट धरते. त्यासाठी पातळ दुहेरी चिकटपट्टी योग्य. गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंगला वापरलेली बॉडी ओळखायची तर हॉट शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खोबणीत आणि तळाच्या स्क्रूंवर पाहावे. पांढरी किंवा हिरवट पूड म्हणजे खाऱ्या हवेचा शिरकाव झाला, आणि स्क्रूची खाच घासलेली असेल तर बॉडी आधी उघडलेली आहे.

घरी आणल्यावर पावसाळ्याची तजवीज हवी. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा. निळे जेल गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येते. कापडी बॅगेत चार महिने ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे जाळे धरणारच.

ज्यांना या कॅमेऱ्यावर लग्नाची कामे सुरू करायची आहेत, त्यांनी एक लक्षात घ्यावे. डी७००मध्ये कार्ड एकच बसते. ते बिघडले तर दुसऱ्यांचा मंगलाष्टकांचा क्षण जातो आणि त्याची भरपाई नाही. अशा कामासाठी दोन कार्डांचा कॅमेराच हवा, डी३ला तशी सोय आहे. नाट्यगृहात आणि मैफलीतही डी७०० नेऊ नये, आरशाचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत जातो. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर तो घेऊ नये, हे तर हक्काने सांगतो. हौसेची वस्तू बिघडली तरी हप्ता चालूच राहतो.

जाहिरात देणाऱ्यांना एक विनंती. ‘कंडिशन एकदम मस्त’ लिहिण्यापेक्षा बॉडीचा अनुक्रमांक, शटरचा आकडा आणि बॅटरीचे वय लिहावे, आणि विचारणाऱ्याला आकाशाचा एफ/२२वरचा एक फोटो मूळ फाइलच्या रूपात पाठवावा. त्यावर डाग किती ते दोघांनाही दिसेल आणि नाशिकहून मुंबईला बोराबाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांपर्यंत केलेली एखादी फुकटची खेप वाचेल.

– एक वाचक, ठाणे