ताई, हे बाबांच्याही वतीने

प्रिय ताई,

गुरुवारी तुम्ही निघालात तेव्हा दारात नुसतं "थँक्यू" म्हणाले. मन भरलं नाही, म्हणून हे लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही करता ती आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं काढता काढता मनाला सावरणं, असंही काही काम असतं हे आमच्यासारख्या घरांत माहीतच नसतं.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येत नव्हता. चिपळूण-कराड एसटी चालवण्यात आयुष्य गेलेला हा माणूस. पावसाळ्यातल्या धुक्यात कुंभार्ली घाट उतरवणारा. त्यांच्याशी भेटायला येणारे तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायचे. डिस्चार्जच्या कागदावर बीपीच्या गोळ्या होत्या, फिजिओथेरपी होती. मनाबद्दल एक ओळ नव्हती. अशा झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, हे तुमच्याकडून कळलं. तोवर बाबांनी ताट सरकवलं की आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो.

पहिल्या दिवशी तुम्ही कागद चारी कोपऱ्यांत चिकटपट्टीने टेबलाला चिकटवलात, म्हणजे तो धरायला दुसरा हात लागू नये. तेलखडूला चिंधी गुंडाळून तो डाव्या मुठीत बसेल इतका जाड केलात. बाबांनी काळा खडू घेतला आणि असा दाबून गिरवला की कागद फाटला, खडूचे दोन तुकडे झाले. मी धावले, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत आणि नवा कागद चिकटवलात. "छान" म्हणाला नाहीत, "हे काय काढलंय?" असंही विचारलं नाहीत. शेजारी बसून राहिलात. पाच आठवडे नुसता काळा रंग. पैसे वाया चाललेत असं मला वाटायचं, आज कबूल करते.

मग एके दिवशी हिरव्या रंगात नागमोडी रेघ आली आणि एका वळणावर शेंदरी ठिपका. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "बाबा, हा घाटातला देव ना? जिथे तुम्ही गाडी हळू करून नमस्कार करायचात?" बाबा हमसून हमसून रडले, आजारपणात पहिल्यांदाच. तुम्ही त्यांना रडू दिलंत. मलाही.

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला, आणि तो स्वतः क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना चित्रांनी सावरला होता, हे तुम्ही चहा पिताना सांगितलंत. बाबा कप खाली ठेवून ऐकत होते.

बोलणं अजून फारसं परतलेलं नाही. स्पीच थेरपी सोडायची नाही, चित्रं तिच्या जागी नाहीत, हे तुम्हीच बजावलंत. पण ताट आता सरकवत नाहीत. संध्याकाळी स्वतःच टेबलाकडे बोट दाखवतात.

मध्यंतरी बँकेत त्यांचा अंगठा घेतला होता. रोज ड्युटीवर सही करणाऱ्या माणसाची मान तेव्हा खाली गेली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. या पत्रासोबत त्यांचं कालचं चित्र पाठवतेय. उजव्या कोपऱ्यात जांभळ्या खडूने काहीतरी वेडंवाकडं दिसेल. ती त्यांची सही आहे, डाव्या हाताची.

तुमची,
ड्रायव्हरसाहेबांची लेक