चि. सायलीस, रिपोर्ट येईपर्यंत

मिरज, मंगळवार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सारखी "मी ठीक आहे गं" म्हणत होतीस, तेव्हाच कळलं की तू ठीक नाहीस. मागे ओवीचा दंगा, कुकरच्या शिट्ट्या. त्यात तू बोलणार तरी काय. म्हणून लिहायला बसले. ओवी झोपली की वाच.

आधी त्या आकड्याचं. तुझ्या स्तनातल्या गाठीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स ४ए' लिहिलंय आणि तुझ्या डोक्यात त्याची चौथी स्टेज होऊन बसलीय, असं अमेय मला हळूच म्हणाला. अगं, त्या चाराचा स्टेजशी काडीचा संबंध नाही. ० ते ६ अशी ती मोजपट्टी आहे आणि तपासणीच्या चित्रावरून रेडिऑलॉजिस्टला किती शंका वाटते, एवढंच ती सांगते. ४ म्हणजे चित्रावरून खात्री देता येत नाही, तुकडा काढून बघा. त्यातही ए, बी, सी असे भाग आहेत, आणि ए मध्ये कर्करोग निघायची शक्यता २ ते १० टक्के धरतात. म्हणजे अशा शंभर जणींतल्या नव्वद किंवा त्याहून जास्त जणींचं साधंच काहीतरी निघतं: फायब्रोअ‍ॅडिनोमा, सिस्ट असलं काही. उरलेल्या जणीही कुणाच्या तरी मुलीच असतात, ते मला माहीत आहे. म्हणून "काही निघत नाही गं" असं मी म्हणणार नाही. तुला ते पटणार नाही, आणि पुढचं काही मला सांगायचं तू बंद करशील.

आता तुझ्या गाठीचा तपासायला काढलेला तो तुकडा या क्षणी कुठे असेल, ते सांगते. हे तुला गूगल सांगणार नाही. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे असे काढलेले तुकडे तपासतात त्या विभागात, गेली. घरी आले की माझ्या साडीला फॉर्मॅलिनचा वास येतो म्हणून तू लांब पळायचीस.

शनिवारी त्या टक् वाजणाऱ्या सुईने डॉक्टरांनी जे दोरे काढले, ते तिथल्या तिथे बाटलीत गेले. शेवयांच्या तुकड्यांसारखे असतात, फिकट आणि नाजूक. बाटलीत १० टक्के फॉर्मॅलिन. स्तनाचा तुकडा त्यात कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास ठेवायचा असा नियम आहे. कमी ठेवला तर पेशी नीट टिकत नाहीत, आणि पुढे हार्मोनच्या तपासण्या करायची वेळ आली तर त्या फसतात. "मधे रविवार आला" म्हणून तू चिडलीस ना, तो रविवार त्या कामात गेला.

काल कुणीतरी बाटलीवरचं नाव फॉर्मशी ताडून बघितलं असेल आणि ते दोरे पातळ कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या इवल्याशा कासेटमध्ये ठेवले असतील. कासेटवर नंबर आम्ही पेन्सिलीने घालायचो, कारण पेनची शाई पुढे झायलीन नावाच्या द्रावकात विरघळते. फिकट दोरे मेणात दिसेनासे होऊ नयेत म्हणून मी त्यांच्यावर इओसिनचा गुलाबी थेंब टाकायची. मग रात्रभर मशीन. आधी अल्कोहोल, एकापेक्षा एक कडक, तुकड्यातलं सगळं पाणी निघेपर्यंत. मग झायलीन, मग ६० अंशांच्या आसपास तापवलेलं पातळ मेण. आमचं मशीन मंत्र्यांच्या नातेवाइकासाठीही लवकर बंद व्हायचं नाही, आणि फोन मात्र यायचे!

आज सकाळी मेणाचा ठोकळा झाला असेल. तो बर्फावर गार करून मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर कापायचा, एकेक काप ३-४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. कापांची फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, आणि मग खालून काच घालून अलगद उचलायची. श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो, नाहीतर फीत दुमडते. मला ते काम फार आवडायचं, कुणाला सांगितलं तर हसतील. मग रंगवायचं: केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी. वाळलं, नंबर पुन्हा ताडला, की ट्रे पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर.

एवढं पुराण लावलं त्याचं कारण असं, की तुकडा शनिवारी फॉर्मॅलिनमध्ये पडला तेव्हाच त्यातलं उत्तर पक्कं झालं. आता तू रडलीस, घाबरलीस, मनात वाटेल तसले विचार आले, तरी त्या काचेवरची एक पेशी इकडची तिकडे होत नाही. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. गाठीचं ओझं आहेच, वर हसतमुख राहायची ड्यूटी कशाला? घाबर की. भीती वाटेल अशीच गोष्ट आहे.

शुक्रवारी रिपोर्ट आला नाही, तर त्याचा अर्थ लावत बसू नकोस. कधी ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप मागवतात, कधी एक पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्याला काच दाखवतात, कधी आयएचसी नावाची रंगाची तपासणी लावतात. आयएचसी साध्या गाठीची खात्री करायलाही लावतात. आमच्या खिडकीशी नातेवाईक यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघून रिपोर्ट ओळखायचा प्रयत्न करायचे. मी दुपारच्या डब्याचा विचार करत असायची. सोनोग्राफी करताना त्या डॉक्टरीणबाई एकदम गप्प झाल्या, असं तू म्हणालीस. गाठीची मापं घेताना कोण गप्पा मारतं?

आता तुझ्या हातात आहे ते. गाठ चाचपायचं बंद कर. सुई गेल्यावर आत रक्त साकळतं, तिथे टणक लागतं, दुखतं, गाठ मोठी झाल्यासारखी वाटते, आणि मग तू आणखी दाबतेस. लाली वाढली, ताप आला, रक्त थांबेना, तर मात्र दवाखान्यात फोन करायचा. सुई लावली की कर्करोग पसरतो, असं शेजारच्या काकू म्हणाल्या ना? तसं काही नसतं. आणि ओवीला आठच महिने पाजलं म्हणून ही गाठ आली, हे जे तू मनात घेतलंयस ते तर आधी काढून टाक. ब्रा घट्ट होती म्हणून, डिओ लावला म्हणून, हेही तसलंच.

रात्री तीनला जाग येते म्हणालीस. अंथरुणात तळमळत पडू नकोस. उठून बाहेरच्या खोलीत बस, फोन मात्र आत राहू दे. श्वास आत घेतेस त्याच्यापेक्षा सावकाश सोड, थोडा वेळ. छातीतली धडधड एकदम जात नाही, पण उतरते. दुपारनंतरचा चहा-कॉफी या आठवड्यापुरती सोड. आणि काळजी करायला संध्याकाळची अर्ध्या तासाची वेळ ठरव: अमेयबरोबर बसून जे जे मनात येतं ते बोल, डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिही. दिवसा तेच डोकं वर काढेल तेव्हा त्याला सांग, संध्याकाळी ये. जमलं नाही तर नाही. झोप अजिबातच लागेना, हातपाय गळाले, तर १४४१६ ला फोन लाव. टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीअपरात्रीही, आणि मराठीत बोलतात. त्यात कमीपणा काही नाही.

सांगायचं कुणाला, ते तू ठरव. ऑफिसात एका मैत्रिणीला सांगून ठेव, म्हणजे अचानक उठून जावं लागलं तर खुलासे नकोत. तुझ्या मावशीला मी काही बोललेले नाही; तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत इचलकरंजीत पोचलंच. बाबा रोज पहाटे गणपतीच्या देवळापर्यंत जायला लागलेत. विचारलं तर म्हणतात, शुगर वाढलीय. वाढू दे म्हटलं.

रिपोर्ट मोबाईलवर आला तर मीटिंगमधे नाहीतर सिग्नलला उघडू नकोस. संध्याकाळी डॉक्टरांकडे वेळ घेतलीच आहे, तिथेच बघा दोघं. तोपर्यंत दम निघणार नसेल तर अमेयला उघडू दे.

साधी गाठ निघाली तरी फाईल कपाटात टाकून मोकळं व्हायचं नाही. सुईचा निकाल सोनोग्राफीतल्या चित्राशी जुळतो ना, हे विचारायचं. कधी गाठ काढायला सांगतात, कधी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ती तारीख मी माझ्या कालनिर्णयवर लिहिणार आहे.

आणि वाईट निघालं तर. तू हे विचारत नाहीस, पण तेच रात्री तीनला येतं. तर त्याच ठोकळ्यावर ईआर, पीआर (या हार्मोनच्या), हर-२ (ही एका प्रथिनाची) अशा तपासण्या होतील, त्यावरून औषध ठरेल, आणि त्यात आणखी दिवस जातील. ऑपरेशन आधी की किमो आधी, हे त्यानंतरचं. घाईत कुठल्याही कागदावर सही करायची नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर घेऊ, काचा आणि ठोकळे मागून नेता येतात. ओवीचं मी बघेन, कितीही महिने. पैशांचं बाबांनी काल न विचारताच बोलून टाकलं. हे तुला माहीत असलेलं बरं म्हणून लिहिलं. आज यातलं काहीही ठरवायचं नाहीये.

मी गुरुवारी सकाळच्या एसटीने निघते. स्वारगेटहून रिक्षा करीन, अमेयने रजा टाकून न्यायला यायची गरज नाही. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आणतेय, ओवीसाठी बेसनाचे लाडू. स्वयंपाकाच्या बाईंना शुक्रवारची सुट्टी देऊन टाक, मला हाताला काम लागतं. मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्म आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एकाच फाईलमध्ये ठेव. नाही जमलं तर राहू दे, आल्यावर मी लावते.

तुझी,
आई