बायकांना 'फाइस्टी' म्हणणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदर रोडच्या पाणीटंचाईवरचा कालचा लेख वाचला. मेहनतीने लिहिला आहे. पण टँकरवाल्याला जाब विचारणाऱ्या आमच्या भागातल्या बायका त्यात 'फाइस्टी' (इंग्रजी feisty, म्हणजे जोशात भिडणाऱ्या) आणि तेच बोलणारे पुरुष 'आक्रमक', 'अभ्यासू'. हे कशासाठी?

हा शब्द अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. 'फाइस्ट' म्हणजे तिकडचे एक लहानसे कुत्रे, त्यावरून तो आला. आज तो कौतुकाने वापरतात, हे मला ठाऊक आहे. पण कोणाच्या कौतुकासाठी? ठेंगण्या माणसाच्या, म्हाताऱ्या आजीच्या, नाहीतर बाईच्या. ज्यांच्याकडून जोराची अपेक्षाच नसते, त्यांनी जोर दाखवला की हा शब्द निघतो. धिप्पाड सेनापतीला कोणी फाइस्टी म्हणत नाही.

माझ्या जाऊबाई सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्या पाण्याची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेल्या. टँकरची बिले, मीटरचे आकडे, जुन्या अर्जांच्या पोचपावत्या, सगळे तारखेनुसार लावलेले. साहेबांनी फाइल उघडलीच नाही. "मॅडम भारी फाइस्टी आहेत हो!" असे शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले, हसले आणि सोबतच्या खजिनदारांकडे वळून विचारले, "बोला, काय काम होतं?" बिले जाऊबाईंनी जमवली, अर्ज त्यांनी लिहिला, आणि बोलायचे खजिनदारांनी! मला याचा अजून संताप येतो.

मुंबईत पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. १९७७ साली त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी) पाण्यात' ही घोषणा घरोघरी पोचली होती. त्या नावात त्यांचे काम होते. आपल्याकडे खमकी, करारी, धडाडीची असे शब्द असताना मराठी वृत्तपत्राला हा उसना शब्द का लागावा?

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत टँकरपाशी सगळ्या बायका उभ्या आहेत, पण फोटोखाली नाव छापले आहे ते फक्त कडेला दिसणाऱ्या माजी नगरसेवकांचे. तुमच्या वार्ताहरांनी बायकांची नावे माझ्यासमोर वहीत उतरवून घेतली होती. ती कृपया छापावीत.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)