इंग्लंडला जाताना आधी शाळेतली जागा पाहा, मग घर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी नोकऱ्यांविषयी आपल्या पुरवणीत येणाऱ्या मजकुरात व्हिसा, पगार आणि घरभाडे यांचे हिशेब बारकाईने दिलेले असतात. मुलांच्या शाळेचा विषय मात्र ‘तिथे सरकारी शाळा फुकट असतात’ एवढ्या एका ओळीत आटोपतो. फी नसते, हे खरेच. पण जागा कुठल्या शाळेत, कधी आणि कशाच्या जोरावर मिळते याचा अंदाज नसल्यामुळे पुण्या-मुंबईहून इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांची मुले कित्येक आठवडे घरी बसतात. नाहीतर थोरले गावाच्या एका टोकाला आणि धाकटे दुसऱ्या टोकाला, अशी रोज सकाळी आईवडिलांची तारांबळ उडते. यातले बरेचसे टाळता येते, म्हणून हे सविस्तर पत्र. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे आहेत. पुढचे सगळे फक्त इंग्लंडपुरते.

आपल्याकडे प्रवेश म्हटला की मुख्याध्यापकांची भेट, गुणपत्रिकांची फाइल, कुणाची तरी ओळख आणि देणगीची तयारी. इंग्लंडच्या सरकारी शाळांना २०२१ ची प्रवेश संहिता लागू आहे. तीत वसतिगृहाच्या शाळा वगळता मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला मनाई आहे, आणि प्रवेशासाठी देणगी मागायलाही. ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळा, सोडल्या तर मुलाचे गुण सहसा कुणी पाहत नाही. तिथे चालतो तो पत्ता. जागांपेक्षा अर्ज जास्त असले, की विशेष गरजांच्या अधिकृत आराखड्यात त्या शाळेचे नाव असलेली मुले आणि कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) ताब्यातली निराधार मुले आधी, मग बहुतेक ठिकाणी शाळेत शिकणाऱ्यांची धाकटी भावंडे, आणि उरलेल्या जागा घरापासूनच्या अंतरावर. अंतर काही कौन्सिल नकाशावर सरळ रेषेत मोजतात, काही पायवाटेने. गेल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, हा आकडा बऱ्याच कौन्सिलच्या प्रवेश-पुस्तिकेत छापलेला असतो. लंडनच्या उपनगरांत नावाजलेल्या शाळेसाठी तो अर्ध्या मैलाच्या आतही असू शकतो. घर भाड्याने घेण्याआधी हा आकडा बघणारी कुटुंबे फार थोडी, आणि ऑफिसला जायची ट्रेन बघून घर घेणारी बहुतेक सगळी.

पण तो आकडाही सप्टेंबरात शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात येणाऱ्या मुलांचा असतो. वर्षाच्या मध्ये येणाऱ्या मुलासाठी खरा प्रश्न वेगळा: त्याच्या वयाच्या वर्गात आज जागा रिकामी आहे का? असा अर्ज म्हणजे ‘इन-इयर’ अर्ज. तो काही भागांत कौन्सिलकडे करायचा असतो, काही ठिकाणी थेट शाळेकडे. अकादमी (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण कौन्सिलच्या कारभाराबाहेरच्या शाळा) आणि चर्चच्या शाळा बहुधा स्वतःचे प्रवेश स्वतः ठरवतात. कोणती शाळा कोणत्या पद्धतीत आहे ही माहिती कौन्सिलने दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत संकेतस्थळावर टाकावीच लागते, आणि आपल्या हद्दीतल्या शाळांत कुठे जागा शिल्लक आहेत हे विचारल्यावर सांगावेच लागते. म्हणून भारतात असतानाच दोन-तीन वस्त्या नक्की करून त्या कौन्सिलना आणि शाळांच्या कार्यालयांना ईमेल करावा. ‘तुमच्याकडे प्रवेश मिळेल का’ असे मोघम विचारले तर संकेतस्थळाचा दुवा तेवढा परत येतो. ‘इयर ४ मध्ये आज जागा आहे का, आणि प्रतीक्षा यादीवर किती मुले आहेत’ असे विचारले तर बहुधा नेमके उत्तर मिळते. मध्य लंडनमध्ये जन्मदर घसरल्याने प्राथमिक शाळांत जागा रिकाम्या पडू लागल्या आहेत, काही शाळा बंदही झाल्या; त्यामुळे तिथे धाकट्याचे काम सोपे होते. माध्यमिकला तसे नाही.

इयर, म्हणजे तिथली इयत्ता, मोजताना घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये वर्ग ठरतो तो १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या जन्मवर्षावर. १४ ऑगस्ट २०१७ चा मुलगा सप्टेंबर २०२५ मध्ये इयर ४ मध्ये जातो. ३ सप्टेंबर २०१७ ची मुलगी इयर ३ मध्ये. तीन आठवड्यांच्या फरकाने पूर्ण वर्ग बदलतो. ढोबळ मानाने आपल्या इयत्तेत एक मिळवायचा: चौथी म्हणजे इयर ५, दहावी म्हणजे इयर ११. ‘इंग्रजी कच्चे आहे, एक वर्ग खाली घ्या’ ही विनंती बहुधा मान्य होत नाही, आणि ती करूही नये. भाषेची मदत त्याच वर्गात देतात.

भारतातला पत्ता घालून आधीच अर्ज करता येईल का? अनेक कौन्सिल मूल प्रत्यक्ष राहायला आल्याशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत किंवा अंतर मोजताना भारतातलाच पत्ता धरतात. सही झालेला भाडेकरार हातात आला की चित्र बदलते, म्हणून पहिले काही आठवडे हॉटेलात किंवा मित्राकडे काढण्यापेक्षा करार लवकर उरकणे फायद्याचे. पुरावा म्हणून भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सचे (आपल्या घरपट्टीसारख्या कराचे) बिल मागतात. शाळेजवळ तात्पुरती खोली घेऊन तिचा पत्ता देणे हा उद्योग मात्र करू नये. कौन्सिल टॅक्सच्या नोंदीवरून पडताळणी होते आणि खोटा पत्ता आढळला तर मिळालेली जागा काढून घेता येते.

व्हिसाबद्दल उगाच भीती असते. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या पालकाबरोबर आश्रित म्हणून आलेल्या मुलाला सरकारी शाळेत पूर्ण मुभा आहे. राष्ट्रीयत्व किंवा व्हिसाच्या कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर मूल आणून शाळेत घालण्याचा सल्ला देणारे एजंट मात्र भेटतात. ते व्हिसाच्या अटींत बसत नाही.

अर्ज केल्यावर शाळेने किंवा कौन्सिलने शक्यतो १० आणि कमाल १५ शालेय दिवसांत लेखी निर्णय कळवायचा असतो. इथेच आपली कुटुंबे फसतात. आपल्याकडच्या परीक्षा आणि उन्हाळा आटोपून, सामानसुमान बांधून जुलैच्या मध्यावर पोहोचायचे, हा नेहमीचा बेत. तिकडे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा बंद होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. मधले सहा आठवडे ‘शालेय दिवसां’त मोजलेच जात नाहीत. २० जुलैच्या अर्जाची मुदत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जाऊ शकते, आणि सुट्टीत शाळेचा फोनही बहुधा वाजत राहतो. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पोहोचून सुट्टीआधी अर्ज निकालात निघाला, तर मूल सप्टेंबरात सगळ्यांबरोबर वर्गात बसते.

नकार आला तर त्याचे कारण नीट वाचावे. रिसेप्शन (इयर १ च्या आधीचा वर्ग), इयर १ आणि इयर २ या वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्याने घातली आहे. या वयातल्या मुलासाठीचे अपील सहसा टिकत नाही: अपील ऐकणाऱ्या समितीला फक्त नियम चुकीचा लावला का किंवा निर्णय अगदीच अवाजवी होता का, एवढेच पाहता येते. पण याच मर्यादेला एक अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या कामाचा. वर्ष सुरू झाल्यावर भागात राहायला आलेल्या मुलाला वाजवी अंतरात दुसऱ्या कुठल्याही शाळेत जागा नसेल, तर ते मूल एकतिसावे म्हणून बसवता येते. हे कौन्सिल आपणहून सांगेलच असे नाही. पत्रात तसे स्पष्ट लिहावे आणि जवळच्या प्रत्येक शाळेचा नकार सोबत जोडावा.

इयर ३ पासून पुढे ही मर्यादा नाही. ‘वर्ग भरला आहे’ हे शाळेचे म्हणणे तिथे अपिलात तोलून पाहिले जाते: एक मूल वाढल्याने शाळेची जी अडचण होते ती मोठी, की त्या मुलाची गरज मोठी. अपिलासाठी नकाराच्या पत्रापासून किमान २० शालेय दिवस मिळतात, इन-इयर अपिलाची सुनावणी अर्ज दाखल झाल्यापासून ३० शालेय दिवसांत व्हायची असते, फी नसते, वकीलही लागत नाही. समितीपुढे दुसऱ्या शाळेची निंदा करून काही साधत नाही. याच शाळेत त्या मुलासाठी काय आहे (सख्खे भावंड, विशेष मदत, पायी जाता येण्याजोगा एकमेव रस्ता) ते कागदपत्रांसह मांडावे.

दरम्यान कौन्सिलने दुसऱ्या शाळेत जागा देऊ केली तर ती घ्यावी. ‘घेतली तर हव्या त्या शाळेचा हक्क जातो’ ही व्हॉट्सॲपवरची समजूत चुकीची आहे. जागा घेऊनही प्रतीक्षा यादीवर राहता येते आणि अपीलही करता येते. उलट ती नाकारली तर कौन्सिल आपली जबाबदारी संपली असे मानू शकते आणि शाळेत नसलेल्या मुलाची चौकशी पालकांमागे लागते. प्रतीक्षा यादीत ‘आधी नाव घातले’ याला किंमत नसते. प्रत्येक नवे नाव आल्यावर यादी भावंड-अंतर या निकषांवर पुन्हा लावतात, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर घसरणेही होते. चार किंवा त्याहून जास्त आठवडे शाळेबाहेर असलेल्या आणि वाजवी अंतरात कुठेच जागा नसलेल्या मुलासाठी ‘फेअर ॲक्सेस प्रोटोकॉल’ आहे. त्याखाली भरलेल्या शाळेतही जागा काढता येते. अर्जात ‘फेअर ॲक्सेस प्रोटोकॉल’ हेच शब्द वापरावेत. दिलेली शाळाच जवळात जवळची असेल आणि ८ वर्षांखालील मुलासाठी २ मैलांहून, त्यापुढच्यासाठी ३ मैलांहून लांब असेल, तर येण्याजाण्याची मोफत सोय करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे.

दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांचे काय, हा सगळ्यांत अवघड भाग. जीसीएसई, म्हणजे तिथली दहावीच्या तोडीची परीक्षा, हा इयर १० आणि ११ चा मिळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम. विषय बहुधा इयर ९ मध्येच निवडलेले असतात, परीक्षा मंडळेही शाळेगणिक वेगवेगळी. मूल इयर ११ मध्ये येऊन पडले तर हव्या विषयांचे गट भरलेले असतात आणि निम्मा अभ्यासक्रम शिकवून झालेला. आपल्याकडे नववी झालेली असेल तर आई किंवा वडिलांपैकी एकाने भारतात थांबून दहावी पूर्ण करून घ्यावी आणि मुलाने इयर १२ ला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मला जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी एसएससी किंवा सीबीएसईच्या निकालाचा यूके एनिक (UK ENIC) या संस्थेकडून समकक्षतेचा दाखला आधी काढून ठेवावा. काही कॉलेजे तो मागतात. सिक्स्थ फॉर्मला मात्र गुण पाहतात, आणि इंग्रजी-गणिताची जीसीएसई नसेल तर ती ए-लेव्हलसोबत (बारावीच्या तोडीच्या परीक्षेसोबत) द्यावी लागू शकते. पुढे विद्यापीठात आश्रित व्हिसावरच्या मुलाला सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते, हेही आताच हिशेबात धरावे. खासगी शाळा हा पर्याय असणाऱ्यांनी १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो हे विसरू नये.

विशेष गरजा असलेल्या मुलाचे भारतातले सगळे तपासणी अहवाल इंग्रजीत करून न्यावेत. तिथला अधिकृत आराखडा तयार व्हायला कायद्याने २० आठवड्यांची मुदत आहे. जुने अहवाल हाताशी असले तर पहिला अर्ज तरी लवकर उभा राहतो.

डब्याबद्दल एक सूचना. अनेक प्राथमिक शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाण्याला बंदी असते. दाण्याचा कूट घातलेली खिचडी, चिक्की, लाडू, चटणी यांतले काहीही डब्यात देऊ नये. रिसेप्शन ते इयर २ च्या सगळ्या मुलांना सरकारी शाळेत दुपारचे जेवण मोफत असते. त्यात शाकाहारी पर्याय असतो का, ते शाळेला आधी विचारावे.

निघताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा. इंग्लंडच्या शाळा तो मागत नाहीत, त्यांना जन्मतारखेचा पुरावा पुरतो. पण दोन-तीन वर्षांनी परत जायची वेळ आली की भारतात पहिला प्रश्न त्याचाच होतो. त्यावरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरशः जुळते का, हे दाखला काढायच्या आधी पाहावे. मूल पटावर असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी यांच्यामार्फत होऊ शकते. नाव कमी झाल्यानंतर तीच दुरुस्ती लंडनहून करायला गेले तर वर्ष जाते.

कळावे,
एक वाचक
रेडिंग, इंग्लंड