गराडू आले का?

न्यूरेंबर्ग, ३ डिसेंबर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू दर वेळी विचारतेस, ‘थंडी पडली का गं?’ मी तापमान सांगते. परवा ‘उणे दोन’ म्हटलं तर तू गप्पच झालीस. आपल्याकडे थंडी कुठे कोण आकड्यांत मोजतं? इंदूरच्या सराफ्यात गराडूच्या, म्हणजे त्या तळलेल्या कंदाच्या, कढया लागल्या की बाबा रात्री येऊन नुसतं ‘आले’ म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या रजया गच्चीवर उन्हात. म्हणून इथलंही तसंच लिहिते.

नाताळाची पहिली चाहूल इथं जरा निर्लज्जपणेच लागते. सप्टेंबरात, अंगात अर्ध्या बाह्यांचा कुर्ता असताना, दुकानात लेबकूखनच्या डब्यांची चळत! म्हणजे मध, दालचिनी, लवंग घातलेली मऊ, जाड बिस्किटं. बाबा नाक मुरडतील, तुला आवडतील. शेजारच्या आजी मात्र पहिल्या अ‍ॅडव्हेंटपर्यंत, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारपर्यंत, त्यांना घरात घेत नाहीत. संक्रांतीआधी लाडवांच्या डब्याला हात लावू न देणाऱ्या आपल्या आजीची ही सख्खी बहीणच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. आता तर सव्वाचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे दुपारचा चहा दिवा लावून. मग खिडक्यांतून कागदी तारे लागायला लागतात. आपला दिवाळीचा आकाशकंदील मी आळसाने काढलाच नव्हता, तर खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ‘यंदा तुमचा तारा सगळ्यांच्या आधी लागला हं!’ मी हो म्हणून टाकलं. आता तो जानेवारीपर्यंत राहील.

रविवारी आजींनी वर बोलावलं होतं. टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं, त्यावर चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त लावायची. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून आश्रमातली मुलं भंडावून सोडायची, तेव्हा हॅम्बुर्गच्या विखर्न नावाच्या पाद्र्याने १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्यातून हे आलं म्हणे. त्या पोरांचं मला फार पटलं.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती पार्सलांची गंमत. मंगळवारी आणि शुक्रवारी मी घरून काम करते, हे पोस्टमनला बरोबर कळलंय. बिल्डिंगमध्ये कुणी नसलं की खोकं माझ्याकडे आणि त्यांच्या दाराला चिठ्ठी. आत्ता माझ्या पॅसेजमध्ये सात खोकी आहेत, आंघोळीला जाताना आडवं होऊन जावं लागतं. संध्याकाळी एकेक जण घंटी वाजवतो. वर्षभर ‘हॅलो’च्या पुढे न गेलेली माणसं दारात पाच-पाच मिनिटं उभी राहतात, कुणाची मुलगी येणार, कुणाचा गुडघा दुखतोय. अगदी आपला रामबागचा ओटला, फक्त मोजे घालून! काल एकाने खोकं नेलं आणि जाताना संत्री देऊन गेला.

मोठ्या चौकातला बाजार शुक्रवारी सुरू झाला, त्याचे फोटो बाबांना पाठवलेत. गर्दी धनतेरसच्या राजवाड्यासारखी, त्यामुळे मी एकदाच गेले. गरम वाइनच्या मगाची अनामत मोजून घेतात. फळांच्या रसाचा मग घेतला आणि परत दिलाच नाही. (बाबा, रसाचा!)

आता कामाचं. ऑफिसातला देवासचा मुलगा १८ तारखेला तिकडून निघतोय, त्याच्याजवळ जिरावण मसाला दे. दोन पिशव्यांत बांध; मागच्या वेळी एकीतच होतं, सगळ्या स्वेटरांना नमकीनच्या दुकानाचा वास आला. इथल्या आफ्रिकन दुकानात गराडूसारखा एक कंद मिळतो. तळल्यावर तेवढा खुसखुशीत होत नाही, पण लिंबू आणि जिरावण पडलं की बघू.

पुण्याला मावशीला हे वाचून दाखवशील तेव्हा ‘ओटल्या’च्या जागी ‘ओटा’ म्हण, नाहीतर ती पुन्हा आपल्या मराठीवर सुरू होईल.

आणि बाबा, यंदा गराडू कधी आले ते मला सांगितलंच नाहीत.

तुमची,
मनी