सूटकेसवाल्या मुलीचा फोटो आणि आमचा कोर्स

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत ट्रॅव्हल, टूरिझम आणि हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटच्या कोर्सवर लेख आला होता तो वाचला. फोटोत सूटकेस ओढत हसणारी मुलगी, मागे विमान, आणि खाली लिहिलंय की फिरायची आवड आणि हसरा चेहरा असेल तर हे क्षेत्र तुमचंच. मला हसू पण आलं आणि थोडा रागही आला, कारण मी नऊ वर्षं हॉटेलात हाऊसकीपिंगला काढली, मग नोकरी सांभाळत हाच मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, आणि फिरायची आवड मला एकाही पेपरला उपयोगी पडली नाही. उलट बाकीचे फिरायला निघतात तेव्हाच आपली ड्युटी लागते, हे त्या लेखात कुठेच नाही.

या शिक्षणात खरं काय असतं ते सांगते. बरंचसं गणित असतं. या धंद्यातला माल रोज नासतो, भाजी निदान संध्याकाळी पडेल भावात तरी काढता येते पण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या कोणी विकत घेत नाही, विमान उडालं की रिकामी सीट गेली ती गेलीच. म्हणून सगळं डोकं चालतं ते कोणती खोली कोणाला, कधी आणि कितीला द्यायची यावर. 1972 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी याचा साधा नियम मांडला. समजा महाग तिकीट 10 हजारांचं आणि स्वस्त 4 हजारांचं, तर तीच सीट पुढे महाग भावाने जाण्याची शक्यता 40 टक्क्यांपेक्षा जास्त वाटत असेल तर स्वस्तात देऊ नका, धरून ठेवा. बास एवढंच. पण विमानाचं तिकीट सकाळी एक भाव आणि दुपारी दुसरा का दाखवतं त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

आता माझाच किस्सा. आमच्या मॅनेजरनी एकदा 40 खोल्यांचा ग्रुप नाकारला होता, त्या तारखांना तेव्हा जवळजवळ अख्खं हॉटेल मोकळं दिसत होतं आणि आम्ही सगळ्या लिनन रूममध्ये बसून म्हणत होतो की साहेबांचं डोकं फिरलंय. वर्गात हे डिस्प्लेसमेंटच्या नावाने आलं तेव्हा माझी ट्यूब पेटली, की ग्रुप पडेल भावात खोल्या अडवणार आणि शेवटच्या आठवड्यात चांगला भाव देणारी माणसं दारातून परत जाणार, साहेबांनी हा हिशोब केला होता. रेव्हपार पण तसंच, म्हणजे हॉटेलात जेवढ्या खोल्या आहेत त्या प्रत्येकीमागे सरासरी काय हाती आलं. 80 टक्के खोल्या 3000 ला गेल्या तर आकडा येतो 2400, आणि 60 टक्केच गेल्या पण 4500 ला तर 2700. म्हणजे अर्धवट रिकामं हॉटेल जास्त कमावतंय, वर साफ करायच्या खोल्या कमी, चादरी कमी! नऊ वर्षं मी 'हाऊस फुल' ऐकलं की बरं चाललंय असं धरून चालले होते.

याच्या उलटही व्हायचं. पार स्टॉक, म्हणजे एका बेडमागे चादरींचे किती संच ठेवायचे, ते बाकीची मुलं पाठ करत होती, एक संच बेडवर, एक धुवायला, एक कपाटात. मला पाठ करावं लागलं नाही, लाँड्रीचं मशीन बंद पडलं की तीन संच कसे अपुरे पडतात आणि दुपारी चेक-इनला पाहुणे लॉबीत उभे असताना आपण ओल्या चादरीला इस्त्री फिरवत असतो ते मी बघितलेलं आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी दोन वर्षं तरी काम करावं आणि मग हे शिकावं. धडा तोच असतो पण काम केलेल्या माणसाला त्यात आपले प्रश्न दिसतात, न केलेल्याला नुसत्या व्याख्या. वर्गात मी सगळ्यात मोठी होते, सुरवातीला लाज वाटायची, मग तीच मुलं परीक्षेआधी माझ्याजवळ येऊन बसायला लागली.

हसऱ्या चेहऱ्याचं पण बोलते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एअर होस्टेसच्या कामाचा अभ्यास करून 1983 मध्ये दाखवून दिलं की पगारासाठी सतत हसणं, राग गिळणं हे पण श्रमच आहेत आणि त्याने माणूस थकतो. हे वाचलं त्या दिवशी मला घरी जाऊन नुसतं तोंड मिटून बसावंसं का वाटायचं ते कळलं. आणि तुमचा लेख त्यालाच पात्रता म्हणतोय.

टूरिझमचा भाग मला आधी कोरडा वाटला होता. पण पर्यटक कोण याची व्याख्याच बघा, आपला नेहमीचा परिसर सोडून वर्षाच्या आत परत येणारा, तिथे नोकरीला न लागणारा आणि किमान एक रात्र राहणारा, म्हणजे मीटिंगला आलेला, ऑपरेशनला आलेला, देवदर्शनाला आलेला सगळे त्यात आले. बटलर या भूगोलाच्या अभ्यासकांनी 1980 मध्ये पर्यटनाच्या ठिकाणांची उमर मांडली, शोध लागतो, वाढतं, भरतं, साचतं आणि मग एकतर उतरतं नाहीतर नव्याने उभं राहतं. आणि आमच्या पुस्तकात पहिल्या पानावरचे थॉमस कुक, ज्यांनी 1841 साली लेस्टरहून लफबरोला रेल्वेने सुमारे 500 माणसं नेली, त्यांच्या नावाची कंपनी 2019 च्या सप्टेंबरमध्ये बुडाली, दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले. पुढच्याच वर्षी कोविड, जगभरचे आंतरराष्ट्रीय पर्यटक 146 कोटींवरून 40 कोटींच्या आसपास आले. एवढा हलता धंदा आहे हे आईवडिलांना फी भरायच्या आधी कोणीतरी सांगायला नको का?

इंटर्नशिपबद्दल तर तुमच्या लेखात एकच ओळ, 'प्रत्यक्ष अनुभव मिळतो'. माझ्या वर्गातल्या एका मुलाने सहा महिने बँक्वेटमध्ये प्लेट्स उचलल्या, फ्रंट ऑफिसचं तोंड बघितलं नाही आणि सर्टिफिकेटवर मात्र चारही डिपार्टमेंट. प्लेट उचलण्यात कमीपणा नाही, मी नऊ वर्षं बाथरूम घासलेत, पण शिकायच्या नावाखाली स्वस्तातले हात भरायचे हे चूक आहे. ऍडमिशनच्या आधीच विचारा की किती आठवडे कुठल्या डिपार्टमेंटला, स्टायपेंड किती, आणि रोजचा ऑक्युपन्सीचा, म्हणजे किती खोल्या भरल्या त्याचा, रिपोर्ट बघायला मिळणार का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर दुसरी जागा शोधा.

पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा कृपया शिफ्टच्या वेळा आणि सुरवातीचा पगार पण छापा. आणि फोटो लागणारच असेल तर पहाटे तीनला दिवसाचा हिशोब जुळवत बसलेल्या नाईट ऑडिटरचा टाका, तोही हसत असतो कधी कधी, हिशोब जुळला तर.

तुमची नियमित वाचक