कॅनियन द शेची हुकलेली फेरी: तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अमेरिका सहलीत कॅनियन द शेच्या तळाची जीप फेरी न झाल्याबद्दल

महोदय,

जून महिन्यात मी व माझी पत्नी आपल्या संस्थेमार्फत नैर्ऋत्य अमेरिकेच्या सहलीला गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवशी अ‍ॅरिझोनातील कॅनियन द शे या दरीत, तिथल्या नवाहो या मूळनिवासी समाजातील वाटाड्यासह ४ तासांची जीप फेरी छापलेली होती. मुख्यतः या फेरीसाठीच आम्ही आपली सहल निवडली आणि नोंदणी करताना तसे सांगितलेही होते.

फेरी १० वाजता होती. अ‍ॅरिझोनाची वेळ पाळणाऱ्या पेज गावाहून निघालेली आमची बस दरीजवळच्या चिनली गावी त्याच वेळेनुसार ९.५० ला पोहोचली, परंतु तिथल्या घड्याळात तेव्हा १०.५० झाले होते. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करत नाही आणि त्याच राज्यात पसरलेला नवाहोंचा स्वशासित प्रदेश नवाहो नेशन, ज्यात चिनली येते, मात्र करतो. या भागात प्रवाशांना नेणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी हा फरक धरूनच बसची वेळ ठरवायला हवी होती. वाटाड्या अर्धा तास थांबून गेला होता आणि पुढच्या फेऱ्या भरलेल्या होत्या. त्यात त्याचा काहीही दोष नाही.

त्यानंतर आपल्या टूर मॅनेजरने, आपण आपले पायीच खाली उतरून येऊ, असे सुचवले, ते मला अधिक खटकले. दरीच्या तळात आजही नवाहो कुटुंबांची घरे व शेते आहेत आणि अधिकृत वाटाड्याशिवाय तिथे जाण्यास मनाई आहे. १८६४ साली अमेरिकी सैन्याने ज्यांची पिके आणि पीचच्या बागा याच दरीत उद्ध्वस्त केल्या, त्यांच्या अंगणात न विचारता शिरणे आम्हाला शक्य नव्हते, म्हणून आम्ही नकार दिला.

अखेर दक्षिण कड्यावरचे व्ह्यू पॉइंट दाखवून आम्हाला परत नेण्यात आले. नवाहो परंपरेत विणकाम शिकवणाऱ्या स्पायडर वूमनचे निवासस्थान मानला जाणारा स्पायडर रॉकचा उत्तुंग सुळका वरूनही भव्य दिसला, हे मान्य करतो. परंतु या भागातील प्राचीन प्वेब्लो लोकांनी सुमारे ९०० वर्षांपूर्वी कपारीत बांधलेले, व्हाइट हाउस नावाचे घरांचे अवशेष कड्यावरून काडेपेटीएवढे दिसतात, आणि घोड्यांवरून आलेल्या स्पॅनिश स्वारांचे नवाहोंनी कातळावर काढलेले चित्र तर आमच्या दृष्टीसही पडले नाही. अजिंठ्याला नेऊन समोरच्या डोंगरावरून वाघूरचे वळण दाखवावे आणि लेण्यांत पाऊल न टाकता परत आणावे, तसे हे झाले.

यावर आपल्या कार्यालयाने ई-मेलने, ठिकाण दाखवलेले असल्यामुळे परतावा देय नाही, असे कळवले. हे उत्तर मला मान्य नाही, कारण पत्रिकेत दरीच्या तळाची फेरी लिहिली होती, कड्यावरून दर्शन नव्हे. दोन व्यक्तींच्या फेरीचे पूर्ण शुल्क १५ दिवसांत परत करावे आणि पुढील सहलींच्या पत्रिकेत नवाहो नेशनची वेळ स्वतंत्रपणे छापावी, ही विनंती. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. नोंदणीची पावती, कार्यक्रमपत्रिका आणि आपल्या ई-मेलची प्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
सहलीतील एक प्रवासी, पुणे